जुनेराच्या बदल्यात स्टील

घराच्या खरेदीचा इतिहास लिहायला बसले की साधनांची वानवा नसते. जमाखर्चाच्या वह्या असतात, सराफाच्या पावत्या असतात, लग्नातल्या आहेराच्या याद्या असतात. घरात काय आले, कधी आले आणि कोणाच्या पैशाने आले, हे त्यांतून बऱ्यापैकी कळते. एक खरेदी मात्र या कागदांत कधीच उतरत नाही. ती दुपारी होते, घरातले पुरुष कामावर गेलेले असताना. तिच्यात पैसा हात बदलत नाही, म्हणून पावती नसते. सकाळी ती कोणाच्या मनातही नसते. जिन्यातून भांडीवालीची हाळी ऐकू येते आणि तासाभराने फडताळात एक नवे पातेले दिसू लागते. ही बोहारणीकडची खरेदी.

गेली काही वर्षे मी जुन्या स्वयंपाकघरांतील भांड्यांच्या नोंदी ठेवत आले आहे. घाट कोणता, धातू कोणता, नाव घातले आहे का, आणि हे भांडे घरात कसे आले, असे चार प्रश्न मी विचारते. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे भांडेच देते. चौथ्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडे जावे लागते. तिथे वारंवार एकच उत्तर मिळत गेले, "बोहारणीकडून. असंच घेतलं होतं." या 'असंच' शब्दात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी घराच्या अर्थकारणाचा एक दुर्लक्षित धागा आहे, असे मला वाटते. तो या लेखात उलगडायचा आहे.

आधी धातूंविषयी. दोन पिढ्यांपूर्वीचे स्वयंपाकघर तांब्यापितळेचे होते. घंगाळ, तपेली, परात, पिंप, कळशी, डबे ही भांडी पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत किंवा मुंबईत पायधुणीजवळच्या तांबा काट्यावर विचारपूर्वक, वजन करून घेतली जात. या भांड्यांत घराची बचतही साठलेली असे. अडीनडीला भांडे मोडीत घातले तर धातूचे पैसे मिळत. त्यांची दोन दुखणीही होती. चिंच, ताक, आमसूल यांच्याशी गाठ पडली की पदार्थ कळकत असे. म्हणून आतून कल्हई लावावी लागे. कल्हईवाला भांडे तापवून त्यात नवसागर टाकी आणि वितळलेले कथील कापडाच्या बोळ्याने फिरवी. हा मुलामा वापराने झिजे आणि पुन्हा कल्हईवाल्याची वाट पाहावी लागे. दुसरे दुखणे घासण्याचे. चिंच आणि राख घेऊन रोज बसावे लागे, आणि बसत कोण असे हे सांगायला नको.

अल्युमिनिअम हा पहिला पर्याय. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ च्या सुमारास अल्युमिनिअमची भांडी करून पाहिली आणि पुढे हा उद्योग देशभर पसरला. हलके, स्वस्त, लवकर तापणारे हे भांडे रोजच्या भाताला सोयीचे ठरले. पण आंबटाने तेही काळे पडे आणि पाहुण्यांसमोर मांडण्याची प्रतिष्ठा त्याला कधी मिळाली नाही. साठवणीसाठी तर घरोघरी रॉकेलचे आणि डालड्याचे रिकामे डबे वापरात होते. कथिलाचा मुलामा उडाला की पावसाळ्यात या डब्यांना गंज चढे आणि डाळ-तांदळाला वास लागे.

स्टेनलेस स्टीलचा जन्म स्वयंपाकघरापासून फार दूर झाला. इंग्लंडमधील शेफील्डचे हॅरी ब्रिअर्ली बंदुकीची नळी आतून लवकर झिजू नये म्हणून निरनिराळी पोलादे तपासत होते. १९१३ साली त्यांनी सुमारे १३ टक्के क्रोमिअम घातलेले पोलाद ओतले आणि ते गंजत नाही, आम्लालाही दाद देत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांना त्यात सुऱ्या-काटे दिसले. गावातल्या सुरी-कारागिरांनी सुरुवातीला नाके मुरडली, कारण या पोलादाला धार लावणे जड जाई. जर्मनीत त्याच सुमारास निकेलयुक्त प्रकार तयार झाला होता. पुढे १८ टक्के क्रोमिअम आणि ८ टक्के निकेल हे प्रमाण भांड्यांसाठी रूढ झाले. क्रोमिअमचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा एक थर बसतो. ओरखडा पडला तर तो थर आपोआप पुन्हा जमतो. कल्हईवाल्याने करायचे काम भांडे स्वतःच करते, असे म्हणता येईल.

आपल्याकडे स्टीलची भांडी स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत शहरी घरांत दिसू लागली. पत्रा बराचसा परदेशातून येई, आयात परवान्यांच्या जाळ्यातून येई, त्यामुळे महाग असे. स्टीलचे ताट ही दाखवण्याची वस्तू होती. रुखवतात स्टीलचा डबा ठेवला तर बायका तो हातात घेऊन पाहत. सरकारी सेलम स्टील प्लांटमध्ये १९८१-८२ च्या सुमारास पत्र्याचे उत्पादन सुरू झाले आणि 'सेलम स्टील'चा शिक्का विश्वासाची खूण बनला. मुंबईजवळ भाईंदरला भांड्यांचे छोटे कारखाने मोठ्या संख्येने उभे राहिले. १९८८ पासून तर दहा, पंचवीस आणि पन्नास पैशांची नाणीही स्टेनलेस स्टीलची निघू लागली. चैनीचा धातू वीस-पंचवीस वर्षांत चिल्लर म्हणून खिशात आला.

हा झाला पुरवठ्याचा इतिहास. पण हे भांडे प्रत्यक्ष स्वयंपाकघरात कोणत्या चलनावर पोचले? या प्रश्नाचे उत्तर कापडाकडे नेते.

सुती कापडाच्या काळात घरातून जुने कापड सहसा बाहेर पडतच नसे. नऊवारी विरली की तिची गोधडी होई, गोधडी फाटली की पायपुसणे, पायपुसणे विटले की पोतेरे. मऊ धोतराची बाळासाठी दुपटी होत, उरल्यासुरल्याच्या चिंध्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, सरकारने कापडावर नियंत्रण आणले तेव्हा तर नवे कापड मिळणेच कठीण झाले. बोहारीण त्याही वेळी होती, पण तिच्या गाठोड्यात मुख्यतः रेशीम आणि जरी जाई.

चित्र बदलले ते कृत्रिम धाग्याने. टेरिलिन या धाग्याचा शोध १९४१ साली मँचेस्टरमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी लावला. साठच्या दशकात ठाण्याच्या कारखान्यातून देशी पॉलिएस्टर धागा निघू लागला, १९६६ मध्ये नरोड्याची रिलायन्सची गिरणी सुरू झाली, आणि टेरिलिन, टेरिकॉट, नायलॉन हे शब्द घराघरांत रुळले. हे कापड विटत नसे, विरत नसे. माणूस जाड झाला, पोरगा उंच झाला, फॅशन बदलली, तरी पँट शाबूत. मात्र तिचे घरात काहीच होत नसे. नायलॉनची साडी गोधडीला लावली तर घाम येतो. टेरिकॉटच्या फडक्याने फरशी पुसली तर पाणी इकडचे तिकडे होते, टिपले जात नाही. घरकामाला निरुपयोगी, पण अंगावर घालण्याजोगे असे कापड प्रथमच कपाटात साचू लागले.

माझ्या प्रतिपादनाचा गाभा इथे आहे. एकाच काळात दोन न विटणाऱ्या वस्तू बाजारात आल्या. एक घरात साचत होती आणि दुसरी घरात हवी होती. बोहारणीने उंबऱ्यावर बसून त्या दोहोंची गाठ घालून दिली. स्टील सर्वदूर होण्यात कारखान्यांचा आणि पगारवाढीचा वाटा आहेच. पण ज्या घरात महिन्याच्या शेवटी चार रुपयेही सुटे उरत नसत, त्या घरातही स्टीलची पाच-सहा भांडी का दिसतात, याचे उत्तर पगारात सापडत नाही.

व्यवहाराची रीत ठरलेली असे. बोहारीण पायरीवर टेकायची, पाटी उतरवायची आणि मोठे भांडे वर ठेवायची. घेण्याची घाई नसल्याचे दोन्ही बाजूंनी दाखवायचे. मग कपडे येत.

"वहिनी, ही पँट गुडघ्यात गेली. अजून एक साडी टाका, मग पातेलं देते."

"साडी नाही मिळायची. हवं तर हा शर्ट घे. कॉलर बघ, नवी आहे."

"शर्टावर वाटी देते. पातेलं जड आहे, बघा तरी हातात घेऊन."

भांडे हातात आले की पुढचा सौदा बहुतेक झालेलाच असे. तरीही पारख चाले. बूड अंगठ्याने दाबून पाहायचे, टिचकी मारून नाद ऐकायचा. पत्र्याच्या गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक असे. काहीजणी लोहचुंबक लावून बघत. चिकटला तर निकेल नाही, म्हणजे हलका माल. ही कसोटी खरी, पण अर्धवट. निकेल कमी करून मँगेनीज घातलेल्या पत्र्यालाही चुंबक फारसा चिकटत नाही. असे भांडे पहिल्या वर्षी चकाके आणि मिठाच्या पाण्याने पुढे डागाळे. तेव्हा बोहारणीच्या नावाने बोटे मोडली जात, आणि पुढच्या महिन्यात तिलाच पुन्हा हाक मारली जाई.

या खरेदीचा निर्णय पूर्णपणे बाईचा होता, ही तिच्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. किराणा, शाळेची फी, घरभाडे यांचा हिशेब घरच्या कर्त्याला द्यावा लागे. जुन्या कपड्यांचा हिशेब कोणी मागत नसे, कारण ते संपत्ती म्हणून कोणाच्या नजरेत भरतच नसत. स्त्रीधनाची चर्चा आपल्याकडे मिताक्षरेपासून चालत आली आहे, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हिंदू स्त्रीला तिच्या मालमत्तेवर पूर्ण मालकी दिली. पण कायद्याची मालकी आणि रोजच्या व्यवहारातील अधिकार यांत अंतर असते. पगार न मिळवणाऱ्या बाईच्या हाती, कोणाला न विचारता खर्च करता येईल असे, फार थोडे होते. कपाटाच्या तळाशी घडी करून ठेवलेले जुने कपडे हे त्यांपैकी एक. पुरुषांनी या व्यवहाराची थट्टाच केली. नवऱ्याचा चांगला शर्ट बोहारणीला देणारी बायको हा विनोदाचा विषय झाला. ज्या खर्चावर आपला ताबा नाही, त्याला माणूस हसतो.

आता उपयोगाकडे वळू. विचारपूर्वक घेतलेल्या भांड्याचे काम आधी ठरलेले असते. वरणासाठी पातेले, इडलीसाठी इडलीपात्र. बोहारणीकडून घेतलेल्या वस्तूला घरात येताना कामच नसे. त्या दिवशी तिच्या पाटीत जे असेल आणि कपड्यांच्या ढिगावर जे बसेल, ते घरात येई. काम त्याला नंतर मिळे, आणि बहुधा एकाहून अधिक. पेढेघाटी डबा लाडवांसाठी म्हणून ठेवला जाई, दिवाळीनंतर त्यात रवा जाई, पावसाळ्यात पापड. कडीचा डबा कोणी हौसेने घेतला, तर तो दूध आणायला, गाडीच्या प्रवासात, आणि घरातले माणूस इस्पितळात असले की पेज न्यायला लागे. मोठी परात कणकेला जड म्हणून पडून राही, मग वाळवण घालायला, गणपतीत मोदक मांडायला आणि शेजारी लग्न निघाले की उसनी द्यायला तीच पुढे होई. नळाला तासभरच पाणी येणाऱ्या चाळीत रिकामे स्टीलचे पातेले कधीही जास्त नसते.

यामागे धातूचा गुणही आहे. स्टील उष्णता फार हळू वाहते, तांब्याच्या तुलनेत सुमारे पंचविसावा हिस्सा. म्हणून पातळ बुडाच्या स्टीलच्या भांड्यात भाजी एका जागी करपते आणि कडेला कच्ची राहते. शिजवण्यासाठी ते दुय्यमच. पण ठेवण्यासाठी, वाढण्यासाठी, नेण्यासाठी त्याच्या जोडीचे दुसरे नाही. ताक रात्रभर राहिले तरी कळकत नाही, डब्याला गंज नाही, मुंग्या-झुरळे आत शिरत नाहीत. हे कोणी आधी ठरवून घेतले नव्हते. वस्तू हाताशी होती, वापरून पाहिली, आणि ती अनेक कामांना पुरी पडली. आजही अनेक घरांत पितळ माळ्यावर आणि हे डबे ओट्यावर आहेत.

भांड्यांवरील नावांतूनही हे दिसते. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव, तारीख, 'सप्रेम भेट' असा मजकूर कोरलेला असतो. कुठे टोच्याने ठोकून काढलेली ठिपक्यांची अक्षरे, कुठे यंत्राने काढलेली सलग. वंशावळ जुळवायला ही भांडी ताम्रपटाइतकीच उपयोगी पडतात. बोहारणीकडच्या भांड्यावर बहुतेकदा काहीच नसते. देणारा नाही, प्रसंग नाही, मग कोरायचे काय? आहेरातल्या भांड्यांची भरपूर छायाचित्रे निघतात, त्यांवर लेख येतात. कोऱ्या बुडाची भांडी संशोधकाच्या नजरेतून सुटतात. घरात सर्वांत जास्त झिजलेली मात्र तीच असतात.

या व्यवहाराची दुसरी बाजू म्हणजे स्वतः बोहारीण. शब्दाचे नाते बोहरी या व्यापारी नावाशी दिसते, आणि ते नाव गुजरातीतील देवघेव करणे या अर्थाच्या क्रियापदाशी जोडले जाते. प्रत्यक्षात हा धंदा करणाऱ्या अनेक स्त्रिया गुजरातेतून आलेल्या वाघरी, म्हणजे देवीपूजक, समाजाच्या. वसाहतकाळात या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का बसला. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण संशय गेला नाही. ज्या घरात तिच्याशी तासभर गप्पा होत, त्याच घरात ती गेल्यावर दारातल्या चपला मोजल्या जात. दिल्लीतील या व्यापाराचा अभ्यास करणाऱ्या मानवशास्त्रज्ञ लूसी नॉरिस यांच्या २०१० सालच्या पुस्तकाने दाखवले की, दारावरचा सौदा ही एका लांबलचक साखळीची फक्त पहिली कडी आहे. गोळा केलेले कपडे धुतले, उसवलेले शिवले, बटणे लावली, इस्त्री केली की ते जुन्या कपड्यांच्या बाजारात जातात आणि नवे कपडे न परवडणाऱ्यांच्या अंगावर चढतात. अगदीच फाटलेले सुती कापड कारखान्यांत यंत्रे पुसायला जाते. लोकर पानिपतला जाऊन तिचा पुन्हा धागा होतो. आपण 'फुकटात' मिळवले असे समजतो त्या पातेल्याची किंमत डोक्यावर भार घेऊन दिवसभर फिरणाऱ्या बाईच्या श्रमातून भरली गेली होती.

तोट्याचा हिशेबही मांडला पाहिजे. याच पाटीत पैठण्या गेल्या. जुन्या जरीत चांदीची तार असे. साडी जाळून चांदी काढून घेत. सासूच्या शालूवर पाच पातेली मिळाली म्हणून त्या दिवशी आनंद झाला, आणि नातीच्या लग्नात त्या शालूची आठवण निघाली की घरात शांतता पसरते. पितळेचेही तसेच. पितळ मोडीत घालून स्टील घेतले तेव्हा घासणे वाचले, पण बचत कमी झाली. पितळेच्या मोडीला भाव असतो, जुन्या स्टीलला तेवढा नाही. १९८२ च्या गिरणी संपात गिरणगावातील घरांवर भांडीकुंडी विकायची वेळ आली होती. अशा दिवसांत घरात कोणता धातू आहे याला अर्थ असतो. स्टील रोज उपयोगी पडते, पण संकटात त्याचे पैसे फारसे होत नाहीत. बायकांनी पितळ सोडले ते अज्ञानाने, असे मात्र मला वाटत नाही. कधीतरी येणाऱ्या संकटापेक्षा रोजचे चिंच-राखेचे घासणे त्यांना जड वाटले. तो हिशेब त्यांचा होता आणि तो त्यांनी केला.

आता गृहसंकुलांच्या फाटकावर पहारेकरी बोहारणीला अडवतो. तयार कपडे इतके स्वस्त झाले आहेत की वापरलेल्याला भाव राहिलेला नाही, आणि स्वयंपाकघरे स्टीलने भरली आहेत. ज्यांनी हे सौदे केले त्या बायका सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे कागद नाहीत, पण भाव आठवतात, आणि ते रुपयांत आठवत नाहीत. "हा डबा कितीला घेतला?" असे विचारले तर त्या घोटाळतात. "कशावर घेतला?" असे विचारले की उत्तर लगेच येते. ह्यांच्या दोन टेरिकॉट पँटी आणि माझी निळी नायलॉन साडी, काठ उसवलेली. त्या एका वाक्यात कापडाचा प्रकार असतो, साधारण साल असते, घराची ऐपत असते आणि निर्णय कोणाचा होता तेही असते. घरातली जमाखर्चाची वही जपून ठेवणाऱ्यांनी या दिवाळीत डबे घासायला निघतील तेव्हा कोऱ्या बुडाची भांडी बाजूला काढावीत, हा प्रश्न विचारावा आणि उत्तर लिहून ठेवावे.